कॅमकॉर्डरच्या भिंगापुढे आणखी एक भिंग

कॅमकॉर्डरचे भिंग काढता येत नाही, ही गोष्ट तो विकत घेताना फारशी जाणवत नाही. दहापट किंवा वीसपट झूम अंगचाच असतो, फोकस आपोआप होतो, आणि एवढ्या सोयींपुढे भिंग बदलण्याची गरज कधी पडेल असे वाटतही नाही. पुढे एखाद्या लहान खोलीत दहा-बारा माणसांचे चित्रीकरण करण्याची वेळ येते, आपण पाठ भिंतीला टेकवून उभे राहतो, झूम अगदी मागे आणतो, आणि तरीही दोन्ही टोकांची माणसे चौकटीबाहेरच राहतात, तेव्हा ती मर्यादा पहिल्यांदा कळते. माझ्याबाबतीत असेच झाले. त्या दिवशी मी कॅमेरा सारखा डावीकडून उजवीकडे फिरवत राहिलो, आणि नंतर ते चित्रीकरण पाहताना लक्षात आले की बोलणारा माणूस आणि त्याचे बोलणे ऐकून हसणारी माणसे एकाही दृश्यात एकत्र आलेली नाहीत. त्यानंतर मी भिंगापुढे लावायच्या जोडभिंगांचा शोध सुरू केला. गेल्या काही वर्षांत अशी बरीच भिंगे वापरून पाहिली, काही चुकीची घेतली, काही योग्य असूनही चुकीची बसवली. त्यातून जे पक्के समजले, ते येथे सविस्तर लिहितो.

आधी तत्त्व समजून घ्यावे, कारण ते समजले की निवडीतील अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. गॅलिलिओने १६०९ साली जी दुर्बीण तयार केली, तिच्यात पुढे बहिर्वक्र आणि डोळ्याजवळ अंतर्वक्र भिंग होते. कॅमकॉर्डरपुढे लावायचे टेली कन्व्हर्टर, म्हणजे दूरचे दृश्य जवळ आणणारे जोडभिंग, हे मुळात याच रचनेचे असते, आणि तीच दुर्बीण उलटी धरून पाहिली की जे दिसते, ते काम वाइड, म्हणजे दृश्य रुंद करणारे, कन्व्हर्टर करते. या रचनेचा विशेष असा की दूरच्या वस्तूकडून समांतर आलेले किरण त्यातून बाहेर पडतानाही समांतरच असतात. त्यामुळे कॅमेऱ्याच्या स्वतःच्या भिंगाला आपल्यापुढे काही लावले आहे याची जणू वार्ताच लागत नाही. त्याचा फोकस पूर्वीप्रमाणेच चालतो, केवळ दृश्याचा कोन रुंद किंवा अरुंद होतो. प्रकाशही कमी होत नाही. स्थिरचित्रणाच्या कॅमेऱ्यात भिंग आणि कॅमेरा यांच्या मध्ये बसणारा दुप्पट टेलीकन्व्हर्टर प्रकाशाचे दोन स्टॉप खातो, म्हणजे प्रकाश एक चतुर्थांशच उरतो. पुढे लावायच्या कन्व्हर्टरमध्ये तसे होत नाही. मात्र त्यासाठी त्याचे पुढचे काच पुरेसे मोठे असावे लागते, आणि या अटीकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

आता आकड्यांविषयी. वाइड कन्व्हर्टरवर ०.५, ०.७, ०.८ असे आकडे असतात, टेलीवर १.५, १.७, २ असे असतात. कॅमेऱ्याच्या नाभीय अंतराला (फोकल लेंग्थ; ते जितके कमी, तितके दृश्य रुंद) या आकड्याने गुणायचे. उदाहरण म्हणून कॅनन एचव्ही२० हा जुना, पण अनेकांच्या हाती राहिलेला कॅमकॉर्डर घेऊ. त्याचे भिंग ६.१ ते ६१ मिलिमीटरचे आहे आणि ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबाने ते ४३.६ ते ४३६ मिलिमीटर इतके होते. म्हणजे झूम पूर्ण मागे आणला तरी दृश्य फारसे रुंद नाही, आणि घरगुती कॅमकॉर्डरच्या त्या पिढीत हे सर्रास होते. तीन मीटरवरून त्यात सुमारे अडीच मीटर रुंदीचे दृश्य मावते. त्यावर ०.७चे कन्व्हर्टर लावले की फिल्मच्या हिशेबातले नाभीय अंतर सुमारे ३०.५ होते आणि त्याच तीन मीटरवरून साडेतीन मीटरहून थोडे अधिक दिसू लागते. कागदावर हा फरक लहान वाटतो, पण रुंदी आणि उंची दोन्ही वाढत असल्यामुळे चौकटीत मावणारे क्षेत्र जवळपास दुप्पट होते. म्हणून ०.७ हा आकडा मला पुरेसा वाटतो. ०.५ घेतले तर क्षेत्र चौपट होते हे खरे, परंतु त्याबरोबर सरळ रेषा पिंपाच्या कडांसारख्या बाहेर फुगतात, दाराच्या चौकटी वाकतात आणि कडेला बसलेल्या माणसांचे चेहरे वाकडे दिसतात. माणसांचे चित्रीकरण करायचे असेल, तर हा मोबदला फार मोठा आहे. ०.३च्या आसपासची फिशआय भिंगे वेगळ्या कामाची आहेत. धावत्या सायकलीजवळ किंवा स्केटबोर्डजवळ कॅमेरा नेताना तो वाकलेपणाच दृश्याला गती देतो, पण घरातल्या प्रसंगासाठी ते भिंग पिशवीतच राहते.

निवड करताना मी आता आकड्याच्याही आधी जी गोष्ट पाहतो, ती म्हणजे ते भिंग झूमबरोबर चालते की नाही. या एका गोष्टीवर मी सर्वांत अधिक चुकलो आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. वाइड जोडभिंगांचे दोन प्रकार असतात. एकात झूम मागून पुढेपर्यंत कुठेही नेला तरी चित्र स्पष्ट राहते. त्याला पूर्ण झूम-थ्रू म्हणतात. दुसऱ्या प्रकारात झूम थोडा पुढे नेला की चित्र धूसर होते आणि फोकसची कितीही खटपट केली तरी ते परत स्पष्ट होत नाही. चांगल्या उत्पादकांच्या बोलीत पहिल्याला कन्व्हर्टर आणि दुसऱ्याला ॲडॅप्टर म्हणण्याची पद्धत आहे, पण खोक्यांवर हे दोन्ही शब्द इतके सरमिसळ छापलेले असतात की केवळ नावावरून काहीच ठरवता येत नाही.

असे का होते, याचे कारण फार सुंदर आहे. दुसऱ्या प्रकारातील कित्येक भिंगांमध्ये दुर्बिणीची पूर्ण रचना नसते, केवळ एक अंतर्वक्र काच असते. अंतर्वक्र काच दूरच्या दृश्याची लहानशी आभासी प्रतिमा आपल्या पुढ्यातच, काही सेंटिमीटर ते वीतभर अंतरावर तयार करते, आणि कॅमेऱ्याला खऱ्या दृश्यावर नव्हे, तर त्या जवळच्या प्रतिमेवर फोकस करावा लागतो. कॅमकॉर्डरचे भिंग झूम पूर्ण मागे असताना अगदी एक सेंटिमीटरवरही फोकस करू शकते, त्यामुळे तेथे सारे व्यवस्थित दिसते. झूम पुढे नेला की हे किमान अंतर वाढत जाते आणि शेवटच्या टोकाला ते साधारण एक मीटर होते. प्रतिमा मात्र जिथल्या तिथेच, वीतभर अंतरावर असते. मग फोकस होणार कसा? भिंगात दोष नाही, कॅमेऱ्यात दोष नाही, दोघांची गाठ फक्त झूमच्या पहिल्या भागातच पडते.

म्हणून एककाचेचे ॲडॅप्टर वाईट असते असे मी म्हणणार नाही. ते हलके असते, त्यात परावर्तने कमी होतात, आणि ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून झूमला हातही लावायचा नसेल, तर ते उत्तम चित्र देऊ शकते. पण चालू समारंभात, जेथे रुंद दृश्यावरून एकदम एखाद्या चेहऱ्यावर जावे लागते, तेथे ते उपयोगाचे नाही, कारण भिंग काढून पुन्हा लावण्याइतका वेळ तेथे कोणी देत नाही. मी पहिले भिंग घेतले ते असेच अर्धवट झूमचे होते, आणि ते घेताना मी ते फक्त झूम मागे ठेवूनच तपासले होते. पुढे एका कार्यक्रमात भाषण करणाऱ्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर झूम नेला आणि चेहऱ्याच्या जागी नुसते रंगाचे डाग उरले. ती चार मिनिटे परत मिळाली नाहीत.

पूर्ण झूम-थ्रू भिंगातही एक सूक्ष्म गोष्ट लक्षात ठेवावी. झूम पुढे नेताना आपण केवळ दृश्यच मोठे करत नाही, तर जोडभिंगाचे दोषही तितकेच मोठे करत असतो. त्यामुळे रुंद टोकाला धारदार दिसणारे भिंग लांब टोकाला मऊ पडू शकते, उजळ वस्तूंच्या कडांना जांभळी किंवा हिरवट किनार येऊ शकते. जुन्या, कमी तपशिलाच्या टेपवरील चित्रात हे झाकले जात असे. हाय डेफिनिशनमध्ये ते दिसते आणि ४केमध्ये तर लपतच नाही. म्हणून जुन्या कॅमकॉर्डरवर समाधानकारक वाटलेले भिंग नव्या कॅमेऱ्याच्या आट्यांवर चपखल बसले, तरी पुन्हा तपासल्याशिवाय त्यावर विसंबू नये. खोक्यावरील ‘एचडी’ किंवा ‘प्रोफेशनल’ हे शब्द कोणत्याही मापनाचे नाव नाहीत, त्यामुळे मी त्यांच्याकडे पाहणे सोडून दिले आहे.

टेली कन्व्हर्टरविषयी माझे मत थोडे कठोर आहे. कॅमकॉर्डरला रुंदी कमी असते, लांबी सहसा भरपूर असते, आणि जे अंगचेच भरपूर आहे त्यावर खर्च करण्याचे कारण सबळ असावे. शिवाय आता ४केमध्ये चित्रीकरण करून अंतिम फीत १९२० बाय १०८० ठेवायची असेल, तर संपादनात चौकट निम्म्यापर्यंत कापून दुप्पट जवळचे दृश्य तपशील न गमावता मिळू शकते. कापून दृश्य जवळ आणता येते, रुंद करता येत नाही. म्हणून एकच जोडभिंग घ्यायचे असेल, तर ते वाइड असावे, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

तरीही पक्ष्यांचे किंवा मैदानावरील खेळांचे चित्रीकरण करणाऱ्यांना टेली लागतेच. त्यांनी आधी पुढच्या काचेचा आकार पाहावा. वर सांगितलेल्या कॅमेऱ्याचेच उदाहरण घेतले, तर त्याच्या लांब टोकाला ६१ मिलिमीटर नाभीय अंतर आणि एफ ३.० ॲपर्चर (प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचे माप) आहे. ६१ला ३ने भागले की सुमारे २० मिलिमीटर येतात. इतक्या रुंदीची प्रकाशाची वाट कॅमेरा वापरत असतो. दुप्पट टेली कन्व्हर्टर लावले की पुढे निदान ४० मिलिमीटर रुंदीची वाट मोकळी हवी, आणि चित्राच्या कोपऱ्यांकडे जाणारे तिरके किरणही आत यावे लागतात, म्हणून प्रत्यक्षात त्याहून मोठी काच लागते. ज्या टेली भिंगाची पुढची काच कॅमेऱ्याच्या काचेहून जेमतेम मोठी आहे आणि ज्याच्यावर २ किंवा त्याहून मोठा आकडा छापला आहे, ते एक तर सांगितल्याइतके मोठे करत नाही, किंवा प्रकाश तरी कमी करते. हा हिशेब दुकानात उभ्या उभ्या तोंडी करता येतो. टेली भिंग लावल्यावर झूम मागे आणला की चौकटीच्या चारही बाजू काळ्या होतात आणि मध्ये गोल दृश्य उरते. हा बिघाड नाही. झूमच्या मधल्या भागापासून पुढेच ते वापरायचे असते.

आता बसवण्याकडे वळू. कॅमकॉर्डरच्या भिंगाच्या कडेला आतून आटे असतात. त्यांचा व्यास भिंगाच्या चौकटीवर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो, आणि त्या आकड्यामागे तिरकी रेघ मारलेल्या शून्यासारखे चिन्ह असते. त्याच चौकटीवर ‘एफ’ अक्षरापुढे नाभीय अंतराचे आकडेही मिलिमीटरमध्येच असतात, आणि नवखा माणूस हमखास त्यांनाच व्यास समजतो. लहान कॅमकॉर्डरमध्ये ३०, ३०.५ आणि ३७ मिलिमीटर, मध्यम आकारात ४३, ४६, ५२, ५८ आणि मोठ्यांत ६२ किंवा ७२ मिलिमीटर व्यास आढळतात. एचव्ही२०चा व्यास ४३ आहे, सोनीच्या व्हीएक्स२००० आणि पीडी१५०चा ५८, तर पॅनासॉनिकच्या डीव्हीएक्स१००चा ७२. ३० आणि ३०.५ यांत अर्ध्याच मिलिमीटरचे अंतर आहे, पण तेवढ्याने एकाचे भिंग दुसऱ्यावर बसत नाही, आणि बसवण्याचा आग्रह धरला तर आटे जातात.

व्यास जुळत नसेल तेव्हा मध्ये रिंग लावतात. कॅमेऱ्याचे आटे ३७चे आणि जोडभिंग ४३चे असेल, तर ३७ वरून ४३ वर नेणारी स्टेप-अप रिंग लागते. कॅमेऱ्याहून मोठ्या व्यासाचे भिंग रिंगने लावण्यास सहसा हरकत नसते. उलट, ५८च्या कॅमेऱ्यावर ४३चे वाइड भिंग स्टेप-डाउन रिंगने लावले, तर त्या भिंगाची मागची काच कॅमेऱ्याच्या काचेहून लहान पडते आणि कोपरे काळे होतात. रिंग मागवताना कोणता आकडा कॅमेऱ्याच्या बाजूचा आणि कोणता भिंगाच्या बाजूचा, हे शब्दांत लिहून सांगावे. नुसते दोन आकडे सांगितल्यामुळे माझ्याकडे एकदा बरोबर उलटी रिंग आली होती. एका रिंगने काम होत असताना दोन रिंगा एकावर एक चढवू नयेत, कारण प्रत्येक रिंग जोडभिंगाला कॅमेऱ्यापासून काही मिलिमीटर दूर नेते, आणि वाइड भिंगाला ते दूर जाणे मुळीच सोसत नाही.

याच कारणासाठी वाइड भिंग लावण्यापूर्वी यूव्ही फिल्टर काढून ठेवावा. भिंग सुरक्षित राहावे म्हणून बहुतेकांनी तो कायमचा लावलेला असतो आणि जोडभिंग त्याच्यावरच चढवले जाते. त्यामुळे अंतर वाढून कोपरे काळवंडतात, आणि समोर दिवा असेल तर फिल्टरच्या सपाट काचेवरील परावर्तनामुळे त्या दिव्याची फिकट जुळी प्रतिमा चित्रात तरंगते. मूळ भिंगाचे हूडही आधी काढावे लागते. काही कॅमकॉर्डरवर ते फिरवून निघते, काहींवर बारीक स्क्रूने घट्ट केलेले असते.

भिंग चढवण्याची माझी रीत अशी आहे. कॅमेरा टेबलावर, भिंग वर छताकडे करून धरतो. दोन्ही काचांवर ब्लोअरने हवा मारतो, कारण मध्ये अडकलेला कण पुढे संपूर्ण चित्रीकरणभर तेथेच राहणार असतो. जोडभिंग आट्यांवर नुसते टेकवतो आणि आधी उलट दिशेने, म्हणजे सुटण्याच्या दिशेने, हळूहळू फिरवतो. आट्यांची तोंडे जुळतात त्या क्षणी बोटांना बारीकसा ‘टक्’ जाणवतो. तेथून मग सुलट फिरवायचे. पहिले दोन वेढे पूर्ण अलगद गेले पाहिजेत. जरा जरी अडले, तर थांबून उलट फिरवून पुन्हा सुरुवात करावी. अनेक लहान कॅमकॉर्डरचे आटे प्लास्टिकचे असतात आणि जोडभिंगाचे धातूचे. तिरपे चढलेले धातूचे आटे प्लास्टिकमध्ये स्वतःची नवी वाट कापतात, आणि त्यानंतर त्या कॅमेऱ्यावर कोणतेच भिंग सरळ बसत नाही. शेवटी आवळताना बोटांच्या टोकांचा जोर पुरतो. मनगटाचा जोर लावू नये.

आणि तरीही कधीतरी रिंग अडकते. तेव्हा दोन बोटांनी दोन बाजूंनी जोरात दाबणे ही पहिली प्रतिक्रिया असते आणि तीच सर्वांत चुकीची असते, कारण त्या दाबाने पातळ रिंग किंचित लांबट होते आणि आणखी घट्ट बसते. रिंगेभोवती रुंद रबर बँड गुंडाळून पूर्ण परिघावर सारखी पकड घ्यावी, अथवा सपाट रबरी तुकडा समोरून टेकवून तळहाताने हलकेच फिरवावे. पितळी रिंगा ॲल्युमिनियमपेक्षा कमी अडकतात, म्हणून वारंवार काढ-घाल करायची असेल, तर थोड्या जड असल्या तरी पितळीच घ्याव्यात. तेलाचा थेंब मात्र कधीही सोडू नये. तो आट्यांवर थांबत नाही, काचेपर्यंत पोहोचतो.

भिंग बसले म्हणजे काम झाले असे होत नाही, कारण कॅमेऱ्याच्या तोंडाशी इतरही गोष्टी असतात. काही कॅमकॉर्डरमध्ये झटपट फोकससाठी भिंगाच्या शेजारी वेगळा सेन्सर असतो. एचव्ही२०मध्ये तो आहे, आणि रुंद जोडभिंग त्याच्यापुढे आले की फोकस उगाच मागे-पुढे भटकू लागतो. अशा वेळी मेनूमध्ये जाऊन झटपट फोकस बंद करून साधा ऑटो फोकस निवडावा. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूचा छोटा दिवा किंवा अंधारात वापरायचा अवरक्त दिवा असेल, तर त्याच्या प्रकाशात जोडभिंगाची अर्धगोल सावली चित्राच्या खालच्या भागात पडते. रिमोटचा सेन्सरही झाकला जाऊ शकतो. अनेक सोनी आणि कॅनन कॅमकॉर्डरच्या मेनूमध्ये जोडभिंग लावल्याचे कळवण्याची सोय असते. तेथे वाइड किंवा टेली निवडले की कॅमेरा हाताचा कंप सावरण्याचे प्रमाण त्यानुसार बदलतो. ही सोय न वापरता टेली लावले, तर कॅमेरा आपल्या मूळ नाभीय अंतरानुसारच कंप सावरत राहतो, वाढलेल्या कंपाला ते अपुरे पडते आणि चित्र थरथरते. टेलीच्या बाबतीत ट्रायपॉड हवाच, हे निराळे सांगायला नको.

वजनाचाही विचार करावा लागतो. मूठभर कॅमकॉर्डरला मोठे वाइड भिंग लावले की त्याचे तोंड खाली झुकते, मनगट लवकर दुखते आणि ट्रायपॉडचे डोके सैल असेल, तर चौकट आपोआप खाली सरकत जाते. सरकणारी प्लेट असलेले ट्रायपॉड असेल, तर कॅमेरा थोडा मागे घेऊन तोल साधावा. ७२ मिलिमीटरची जड भिंगे लावणारे लोक कॅमेऱ्याखालून दोन दांड्या काढून भिंगाला खालून आधार देतात, आणि तो खटाटोप नाही, तर आट्यांवरचा भार कमी करण्याचा रास्त उपाय आहे.

पहिल्यांदा लावलेल्या भिंगाची चाचणी मी महत्त्वाच्या कामाच्या दिवशी कधीच करत नाही. आधीच एखादी संध्याकाळ त्यासाठी राखून ठेवतो. विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा अगदी काटकोनात ट्रायपॉडवर ठेवतो. झूम मागे, मध्ये आणि पुढे अशा तीन ठिकाणी प्रत्येकी अर्धा मिनिट चित्रीकरण करतो, मग तेच ॲपर्चर लहान करून पुन्हा करतो. विटांच्या ओळी किती वाकतात, कोपऱ्यातील सिमेंटच्या रेषा किती विरघळतात, हे लगेच दिसते. त्यानंतर आकाशाच्या पार्श्वभूमीवर झाडाच्या निष्पर्ण फांद्या किंवा विजेच्या तारा टिपतो, कारण रंगांची किनार तेथेच उघडी पडते. हे सारे कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर न पाहता मोठ्या पडद्यावर पाहावे. या आग्रहामागे एक विशेष कारण आहे. जुन्या कॅमकॉर्डरचे व्ह्यूफाइंडर टेपवर नोंदल्या जाणाऱ्या चौकटीपेक्षा थोडा कमी भाग दाखवतात. माझ्या पहिल्या पूर्ण चित्रीकरणात चारही कोपऱ्यांत काळी सावली आली होती आणि व्ह्यूफाइंडरमध्ये ती एकदाही दिसली नव्हती.

लहान सेन्सरमुळे आणखी एक अडचण येते. झूम मागे असताना आणि उन्हात ॲपर्चर बारीक झाले असताना स्पष्टतेची खोली (जवळपासून दूरपर्यंत जेवढे स्पष्ट दिसते तेवढा पल्ला) इतकी वाढते की जोडभिंगाच्या पुढच्या काचेवरील धूळ, बोटाचा ठसा किंवा पावसाचा थेंबही दृश्याचाच भाग होऊन दिसतो. सूर्य समोरच्या बाजूला असेल, तर प्रत्येक कण चमकतो. शक्य असेल तेथे कॅमेऱ्यातील, प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर चालू करून ॲपर्चर मोठे ठेवावे. त्याने धूळ विरते आणि बारीक छिद्रामुळे येणारा मऊपणाही टळतो.

सर्वांत शेवटी मी ज्या भिंगाविषयी लिहायला उत्सुक आहे, ते क्लोज-अप भिंग. ते दिसायला फिल्टरसारखे असते, आणि कदाचित म्हणूनच त्याची उपेक्षा होते. त्याची शक्ती डायॉप्टरमध्ये सांगतात. १ मीटरला त्या आकड्याने भागले की कॅमेऱ्याचा फोकस अनंतावर असताना वस्तू किती अंतरावर स्पष्ट दिसेल ते कळते. दोन डायॉप्टरला ५० सेंटिमीटर, चारला २५ सेंटिमीटर. कॅमकॉर्डरबरोबर ते वापरण्याची गंमत ही की हे अंतर झूमवर अवलंबून नसते. झूम पूर्ण पुढे नेला तरी वस्तू त्याच अर्ध्या मीटरवर राहते आणि चौकटीत मात्र ती प्रचंड मोठी होते. एचव्ही२०वर दोन डायॉप्टरचे भिंग लावून झूम टोकाला नेला, तर चौकटीत सुमारे सव्वाचार सेंटिमीटर रुंदीचे दृश्य मावते. म्हणजे एक फुलपाखरू पंख पसरून चौकटभर बसते, आणि कॅमेरा त्याच्यापासून अर्ध्या मीटरवर असल्यामुळे ते उडूनही जात नाही. कॅमेऱ्याचा फोकस एक मीटरपर्यंत जवळ आणला, तर हे अंतर ५० वरून ३३ सेंटिमीटरपर्यंत कमी करता येते. त्याच्या बाहेर आणि आत सारे धूसर होते, म्हणून हाती फोकस लावावा आणि कॅमेराच किंचित मागे-पुढे करावा.

यात मात्र एककाचेचे भिंग घेऊ नये. झूमच्या लांब टोकाला त्यातून प्रत्येक उजळ कडेला रंगीत किनार येते. दोन काचा एकत्र चिकटवलेले ॲक्रोमॅट घ्यावे. कॅननची ५००डी ही दोन डायॉप्टरची आणि २५०डी ही चार डायॉप्टरची भिंगे अशीच आहेत. रेनॉक्सचे डीसीआर-२५० आठ डायॉप्टरचे असून ते चिमट्यासारख्या क्लिपने ५२ ते ६७ मिलिमीटरच्या आट्यांत बसते. त्यामुळे समोर किडा हलायच्या आत ते लावता येते. नवख्याने आठपासून सुरुवात करू नये. वस्तू १२.५ सेंटिमीटरवर येते, कॅमेऱ्याची सावली तिच्यावर पडते आणि स्पष्टतेची खोली मिलिमीटरमध्ये मोजावी लागते. दोन डायॉप्टरवर हात बसला की मग पुढे जावे.

ॲनामॉर्फिक भिंगाचा उल्लेख केवळ माहितीसाठी करतो. ४:३ आकाराचा सेन्सर असलेल्या डीव्ही कॅमेऱ्यांच्या काळात १६:९ चे दृश्य आडवे दाबून त्या चौकटीत बसवण्यासाठी १.३३पट दाबणारी भिंगे मिळत असत. डीव्हीएक्स१००साठी पॅनासॉनिकने केलेले एजी-एलए७२०० हे त्यांतले. झूम पुढे नेल्यावर फोकस बिघडणे ही त्याचीही अडचण होती. आजच्या कॅमेऱ्यांचे सेन्सर मुळातच रुंद असल्यामुळे ज्याला त्या विशिष्ट दृश्यरूपाची ओढ नाही, त्याने त्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

माझ्या पिशवीत आता ०.७चे पूर्ण झूम-थ्रू वाइड, दोन डायॉप्टरचे ॲक्रोमॅट, एक पितळी स्टेप-अप रिंग, ब्लोअर आणि दोन रुंद रबर बँड असतात. चित्रीकरण संपले की जोडभिंग मी त्याच दिवशी उतरवतो, पुढे आणि मागे दोन्हीकडे टोपणे लावतो आणि कॅमेऱ्याचा मेनू उघडून तेथील जोडभिंगाची नोंद बंद करतो. ती चालू राहिली, तर पुढच्या वेळी उघड्या भिंगावर कॅमेरा कंप चुकीचा सावरतो आणि बिघाड कुठे आहे ते शोधण्यात सारी सकाळ जाते.